कोऱ्या फिल्टरवरचा समुद्र

उमेळे, वसई
८ ऑक्टोबर २०२४

प्रिय एलिसा,

एका भीषण अन्यायाची नोंद इतिहासात राहावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. परवा रविवारी मी पांढराशुभ्र शर्ट घालून चर्चमध्ये मिस्सेला गेलो. बाहेर आल्यावर पास्कलने चारचौघांत विचारलं, "बॅप्टिस्ट, राखाडी शर्ट नवीन घेतलास का रे?"

शर्ट दोरीवर वाळत घातला होता, एवढाच त्याचा गुन्हा. आपल्या मागची केळीची वाडी आठवते? तिथे आता बावीस मजली इमारत उभी राहते आहे, आणि तिचं सिमेंट फुकटात आमच्या कपड्यांवर बसतं. मी महापालिकेच्या कचेरीत तक्रार घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "शर्ट दाखवा." दाखवला. म्हणाले, "हा मूळचाच राखाडी नाही कशावरून?" शर्टाचा जन्मदाखला कोण जपून ठेवतो?

तेव्हा तुझी आठवण झाली. तुझी आई गावभर सांगत सुटली आहे की आमची एलिसा हिमालयात हवा मोजते. रिटा माझी सख्खी बहीण, पण 'मोजते म्हणजे नेमकं काय करते गं?' असं विचारलं की ती विषय बदलून भाजीवर येते. फोन तुझा लागत नाही. म्हणून पत्र. सविस्तर कळव. माणसं सोडून हवा मोजायला आठ हजार फुटांवर जायचं काय कारण? हवा इथेही आहे. थोडी जाड आहे, एवढंच.

तुझ्या फ्लॉसीमामीने वेगळ्या पार्सलने सुकट पाठवली आहे. पोस्टातल्या मुलीने पार्सल हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खून करून आलो आहे. मी 'पुस्तकं' असं सांगितलं.

तुझा मामा,
बॅप्टिस्ट


हवा-निरीक्षण केंद्र
२५ ऑक्टोबर २०२४

प्रिय मामा,

पुस्तकं मिळाली. अर्धी वाचून संपली.

इथे खरंच फोन लागत नाही. समोरच्या धारेवर चढून गेलं तर एका ठराविक दगडावर उभं राहून दोन काड्या मिळतात, पण तिथे बोलायला लागलं की दात वाजतात. आठवड्यातून एकदा खालून जीप येते, तिच्यातून टपाल आणि बटाटे. त्यामुळे पत्रं लिहीत जा. बटाट्यांशी गप्पा होत नाहीत.

आता माझं काम. हवेत बारीक कण तरंगत असतात. धूळ, धूर, मीठ, काजळी, डोळ्यांना न दिसणारे. आमच्या गच्चीवर एक पंप आहे, तो दिवसभर हवा ओढतो आणि एका गोल पांढऱ्या फिल्टरमधून सोडतो. फादर मिस्सेत उंच धरतात ना, ती मोठी भाकर, साधारण तेवढा. दुसऱ्या दिवशी तो काढायचा, थंड पेटीत ठेवायचा, जीपने खाली संस्थेत पाठवायचा. तिथलं मशीन सांगतं की त्याच्यावर काय काय चिकटलं आहे. पोटॅशियम जास्त, तर कुठेतरी लाकूड किंवा शेतातला पेंढा जळाला. सल्फेट जास्त, तर कोळसा. कॅल्शियम, तर माती किंवा सिमेंट. म्हणजे तुमचा शर्ट माझ्याकडे पाठवलात तर मी तुमच्या बाजूने साक्ष देऊ शकते.

डोंगरावर यासाठी यायचं की इथे स्वतःची अशी घाण नाही. जे सापडतं ते लांबून आलेलं असतं. म्हणून नियम कडक आहेत. चूल नाही, उदबत्ती नाही, जीपसुद्धा एक वळण अलीकडे थांबते. मी काही भाजत नाही, मामीला सांगा. सुकट कच्चीच कांद्यात चुरून खाते.

माझं हे काम मेपर्यंत आहे. त्यानंतर भौमिक सर (आमचे प्रमुख, खाली संस्थेत बसतात) तीन वर्षांच्या जागेवर एकालाच ठेवणार आहेत. मला ती जागा हवी आहे, मामा. नाहीतर परत वसईत एव्हरशाईन सिटीतल्या क्लासमध्ये नववीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायचं, आणि आईचं "आता स्थळं बघूया."

एकच दुःख. इथे रोज धुकं खिडकीतून आत येऊन बसतं. सुकट दोन दिवसांत मऊ पडली. चिवट, ओली. तोंडात घातली की रडू येतं.

तुमची,
एलिसा


उमेळे
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय एलिसा,

तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. तू हिमालयात एकटी आहेस, थंडीने दात वाजतात, हे फ्लॉसीने शांतपणे ऐकलं. 'सुकट मऊ पडली' इथे आल्यावर मात्र ती हातातलं काम टाकून उठली.

"मऊ? डब्यात कोंबून ठेवली असेल! आजकालच्या पोरी!"

"अगं, धुकं आहे तिथे."

"धुकं असलं म्हणून काय झालं? इथे पावसाळा नसतो? माझी सुकट जून-जुलैत कुरकुरते ती काय उगाच?"

हे मात्र खरं. तुझी मामी सुकट कुठे ठेवते ठाऊक आहे ना? आल्तारवर, मारियेच्या मूर्तीमागे, त्या लाल बल्बच्या शेजारी. बल्ब चोवीस तास पेटलेला, तेव्हा घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच. पाहुण्यांना वाटतं, काय ही भक्ती.

तर मामीचा हुकूम असा : डब्यात ठेवायची नाही, फडक्यात सैल बांधायची, आणि त्या केंद्रात सगळ्यात कोरडी जागा कुठली असेल ती शोधून तिथे ठेवायची. माझी पुस्ती : तू रसायनशास्त्र शिकलेली आहेस. वसईच्या मुलीला सुकट कोरडी ठेवता येत नसेल, तर आमची फी वाया गेली.

नाताळची म्हणून मोठी पुडी पाठवतो आहे. सुकट, बोंबील, आणि थोडा खारा बांगडा. या वेळी पोस्टात 'धार्मिक साहित्य' असं सांगितलं.

बॅप्टिस्टमामा


हवा-निरीक्षण केंद्र
८ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

मामीला सांगा, सापडली!

आमच्याकडे एक काचेचं कपाट आहे. कोरे फिल्टर पंपावर चढवण्याआधी दोन दिवस त्यात ठेवायचे, म्हणजे त्यांच्यातली ओल निघून जाते. तळाशी निळ्या मण्यांचा ट्रे असतो, मणी हवेतला सगळा दमटपणा शोषून घेतात. सबंध डोंगरावर याच्याइतकी कोरडी जागा नाही. खालचा कप्पा रिकामाच होता. पुडी फडक्यात सैल बांधून तिथे ठेवली. दुसऱ्या दिवशी बोंबील असा मोडला की कट्ट आवाज आला!

नाताळला येता येणार नाही. थंडीचे नमुने सगळ्यात महत्त्वाचे. मध्यरात्रीच्या मिस्सेला माझ्या वाटचं गाऊन घ्या. तुमचा सूर नाही, ठाऊक आहे, पण फादर आता सरावले असतील.

एलिसा


हवा-निरीक्षण केंद्र
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

हे कुणालाही सांगू नका. कुणालाही म्हणजे पास्कलअंकलनाही.

समुद्र इथे आला आहे!

डिसेंबरच्या फिल्टरांचे आकडे आले. त्यांच्यावर अमाइन नावाची संयुगं सापडली. समुद्रातल्या जीवांपासून हवेत सुटतात ती. शिवाय मीठ. ऑक्टोबरमध्ये यातलं काही म्हणजे काही नव्हतं. सर म्हणाले, एवढ्या आत, एवढ्या उंचीवर हिवाळ्यात समुद्राची इतकी स्पष्ट खूण त्यांनी पाहिलेली नाही. त्यांनी वाऱ्याचे नकाशे काढले, तर काही दिवस हवा खरोखर अरबी समुद्रावरून आलेली. म्हणजे आपल्याकडूनच! मला इथे उभ्या उभ्या किल्ल्याच्या बंदराचा वास आला, शपथ.

मेमध्ये मोठी परिषद आहे. सर हे तिथे मांडणार, दुसरं नाव माझं. आणि त्या तीन वर्षांच्या जागेबद्दल ते म्हणाले, "सामान बांधू नकोस."

मामा, मी पंपाभोवती नाचले.

तुमची,
एलिसा

ता. क. खरंच कुणाला सांगू नका.


उमेळे
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय एलिसा,

मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त फ्लॉसीला सांगितलं. फ्लॉसीने फक्त रिटाला, आणि रिटाने फक्त रविवारी साडेसातच्या मिस्सेनंतर दारात उभं राहून.

पास्कल आमच्या गावमंडळाचा सचिव. हा माणूस गेली कित्येक वर्षं सत्कारासाठी माणूस शोधत हिंडतो. मागच्या वेळी कुणीच मिळालं नाही तेव्हा त्याने बोअरिंगवाल्याचा केला होता. तो लगेच घरी आला.

"बॅप्टिस्ट, पोरीचा सत्कार करायचा."

"पोरगी इथे नाही."

"मग तुझा करू. रक्त तेच ना?"

मी नको म्हणालो. निदान माझ्या आठवणीप्रमाणे एकदा तरी म्हणालो. काल संध्याकाळी हॉलमध्ये समारंभ झाला. बाहेर तुझा लहानपणचा, कन्फर्मेशनच्या वेळचा फोटो असलेला बॅनर : 'वसईची हवा पोचली हिमालयात!' त्यावर तुझ्यापेक्षा मोठा फोटो पास्कलचा. भाषणात त्याने सांगितलं की आपले पूर्वज बोटीने गोव्यापर्यंत गेले, पण एलिसाने समुद्रालाच डोंगरावर नेलं. टाळ्या पडल्या. बावीस मजल्यांचा बिल्डरही आला होता. तो म्हणाला की हवेच्या बाबतीत उमेळ्याचं नाव झालं याचा त्याला अभिमान आहे. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्या शर्टाकडे पाहत होता.

मला शाल आणि श्रीफळ मिळालं. शाल चांगली आहे, नुसती चकाकत नाही, अंगावर घेण्यासारखी आहे. श्रीफळ फ्लॉसीने आज सकाळीच फोडून कोळंबीच्या आमटीत वाटून टाकलं. छान झाली होती.

रिटाने स्थळांची वही माळ्यावर टाकली आहे. सध्या ती कुणाचंही वाक्य पुरं होऊ देत नाही, मध्येच 'अमाइन' म्हणते.

रागावू नकोस. आम्हाला अभिमान वाटला, म्हणून तोंड उघडलं.

मामा


हवा-निरीक्षण केंद्र
२ मार्च २०२५

प्रिय मामा,

हे पत्र एकटे असताना वाचा.

आम्ही दर महिन्याला एक कोरा फिल्टरही पाठवतो. बाकीच्यांसारखाच कपाटात ठेवायचा, पंपावर चढवायचा, पण पंप सुरूच करायचा नाही. तसाच उतरवायचा. त्याच्यातून हवा गेलेली नसते, म्हणून त्याच्यावर काहीही सापडता कामा नये. काही सापडलंच, तर ती घाण आपली, आपल्या हातांची, जागेची. ती बाकीच्या आकड्यांतून वजा करायची. डिसेंबरसाठी सरांनी ऑक्टोबरचा कोरा वापरला होता, कारण डिसेंबर-जानेवारीचे कोरे मशीनच्या रांगेत मागे पडले होते.

काल त्या कोऱ्यांचे आकडे माझ्या हातात आले. अजून सरांकडे गेलेले नाहीत. संस्थेच्या तारेने केंद्राच्या संगणकावर आधी माझ्याकडे येतात (तिच्यावर कामाखेरीज दुसरं काही चालत नाही), मी तपासून पुढे पाठवते.

कोऱ्या फिल्टरवर समुद्र आहे, मामा. वारा न लागलेल्या फिल्टरवर. तेवढेच अमाइन, तेवढंच मीठ.

मी कपाटासमोर जाऊन बसले. वरच्या कप्प्यात फिल्टर, खालच्या कप्प्यात फडक्यातली पुडी. महिन्यांमागून महिने मी ते कपाट रोज उघडते आहे आणि मला एकदाही मासळीचा म्हणून वास आला नाही. आपल्याला येतच नाही ना! बाहेरचा माणूस दारातूनच नाक धरून पळाला असता. फार तर वाटायचं, कपाटाला घरासारखा वास येतो आहे.

सगळा हिवाळा बाद आहे. अरबी समुद्र आला नव्हता. बोंबील आले होते.

सर या महिनाअखेर वर येणार आहेत, परिषदेचा निबंध पुरा करायला. मी त्यांना सांगितलं तर ती जागा गेली. नाही सांगितलं तर कोरे फिल्टर 'प्रवासात खराब झाले' असं लिहिता येतं. होतात कधीकधी, कुणी विचारणार नाही.

काय करू? तुम्ही कुणाचं खोटं कधी चालू देत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते.

एलिसा


उमेळे
११ मार्च २०२५

प्रिय एलिसा,

ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ चालू आहे, तेव्हा मासळीवर जास्त बोलणं बरं दिसत नाही. तरी थोडं बोलतो.

मी विचार केला. बघ, बोंबिलातला समुद्र हा काय खोटा समुद्र आहे? तो इथूनच गेला, आणि तिथे पोचला हेही खरंच. थोडा पोस्टाने गेला, एवढाच फरक. शिवाय सर स्वतः म्हणतात की काही दिवस वारा आपल्या बाजूने होता. मग सगळंच बोंबिलावर ढकलणं हा बोंबिलावर अन्याय नाही का?

तू आत्ता बोललीस तर तीन वर्षं जातील. नाही बोललीस, तर तीन वर्षांत एखाद्या दिवशी खरा समुद्र येईलच की वर. तेव्हा हिशेब आपोआप बरोबर होईल. पुडी फेकून दे, कपाट धू, आणि गप्प राहा. जग याहून मोठ्या गोष्टींवर गप्प बसलेलं आहे. बावीस मजले उभे राहिले, कोण बोललं?

इथे बॅनर अजून आहे. उन्हाने तुझा चेहरा फिका पडला, पास्कलचा तसाच आहे. रिटाचा रक्तदाब कधी नव्हे तो आटोक्यात आहे, डॉक्टरही चकित झाले. हे सगळं मी उगाच लिहितो आहे असं समज.

फ्लॉसीला यातलं काही सांगितलेलं नाही.

मामा


हवा-निरीक्षण केंद्र
३० मार्च २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा वाटलं की हे तुमचं नाही. ज्या साहेबाने तुमचा शर्ट मूळचाच राखाडी ठरवला, त्याने लिहिलेलं असावं. अक्षर तेवढं तुमचं होतं.

बुधवारी सर आले. चहा व्हायच्या आधीच मी म्हटलं, "सर, एक दाखवायचं आहे," आणि कपाट उघडलं. (सर बंगाली आहेत, हे भाषांतर समजा.)

"हे काय?"

"सुकी मासळी, सर."

"कधीपासून?"

"नोव्हेंबरअखेरपासून."

मग मी कोऱ्या फिल्टरांचे आकडे पुढे ठेवले. त्यांनी पाहिले. स्टूल ओढून बसले. मग वाकून पुडीचा खोल वास घेतला आणि म्हणाले, "आमच्याकडे याला शुटकी म्हणतात. याच्यावरून शेजाऱ्यांत कोर्टकचेऱ्या होतात. आणि मी या वासाला अरबी समुद्र म्हणालो."

मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत. सकाळी त्यांनी परिषदेला कळवलं की निबंध मागे घेत आहोत. ती तीन वर्षांची जागा मला मिळणार नाही, ते त्यांनी सरळ सांगितलं. दुसरी एक मुलगी आहे, चांगली आहे. मला ऑक्टोबरपर्यंत ठेवलं आहे. कपाट नवीन येईल, मग सगळं पहिल्यापासून. पुढचं तेव्हा बघू म्हणाले.

त्यांनी विचारलं, इथे ठेवायची कल्पना कुणाची? मी म्हटलं माझी. पुडी कुठून आली तेही मी मीच आणली म्हणून सांगितलं. इतक्या लांबून तुमचं आणि मामीचं नाव कशाला ओढायचं?

जाताना पुडी मात्र घेऊन गेले. अर्धी मशीनवर मोजणार, म्हणजे पुढे कुठे हा वास आकड्यांत आला तर ओळखता येईल. उरलेल्या अर्धीबद्दल मी विचारलं नाही. फडकं त्यांनी जरा जास्तच जपून बांधलं होतं.

ते गेल्यावर मी पोटभर रडले. मग उठून फिल्टर बदलला, कारण वेळ झाली होती.

आईला मीच लिहिते आहे. तुम्ही सांगू नका. या वेळी खरंच.

एलिसा


उमेळे
१३ एप्रिल २०२५, झावळ्यांचा रविवार

प्रिय एलिसा,

मी कुणालाही सांगितलं नाही. रिटाला तुझं पत्र गुरुवारी मिळालं. ती संध्याकाळी आली, ओट्यावर बसली. मग म्हणाली, "ऑक्टोबरपर्यंत ठेवलंय ना? मग ठेवलंय." वही माळ्यावरून काढलेली नाही. मुद्दाम विचारून घेतलं.

फ्लॉसीला मात्र सगळं सांगावं लागलं, माझ्या त्या पत्रासकट. ती बल्बशेजारची पुडी खाली काढत होती. म्हणाली, "पोरीला गप्प बस म्हणून लिहिलंत? तुम्ही?" एवढंच. नंतर दिवसभर तिने माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात संभाषण केलं.

मग मी पास्कलकडे गेलो. तो झावळ्यांचे क्रूस विणत बसला होता.

"समुद्र गेला नव्हता," मी म्हटलं. "सुकट गेली होती. मी पाठवलेली. ठेवायची कुठे तो सल्लाही आमच्याच घरचा."

त्याने विणकाम थांबवलं. "म्हणजे शोध नाही लागला?"

"लागला होता. एलिसाने स्वतःच खोडला."

"स्वतःच? कुणी पकडलं नसताना?"

"हो."

तो जरा वेळ बोटांतली झावळी वळत राहिला. "बॅनरवर हे कसं लिहिणार?" असं त्याने खऱ्या काळजीने विचारलं. लिहिता येणार नाही असं आमचं दोघांचं एकमत झालं. तेव्हा तो शिडी आणि आपल्या पोराला घेऊन गेला आणि बॅनर उतरवला. खाली आल्यावर म्हणाला, "हे कळल्यावर खरं म्हणजे सत्कार आता करायला हवा." मी हात जोडले.

शाल मी धुऊन, घडी करून नेली होती. ती त्याच्या कपाटात गेली, पुढच्या बोअरिंगवाल्यासाठी. श्रीफळाचा प्रश्न होता, ते आमटीत गेलेलं. त्याबद्दल त्याने काही विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. घरी आलो, मागच्या माडाखाली पडलेला एक बरा नारळ उचलला, सोलला, शेंडी नीट ठेवली. दुपारी पास्कल झोपलेला असताना त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवला आणि परत आलो.

मामा